जनरल रजिस्टरातला सोपारा

नालासोपाऱ्याचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण सम्राट अशोकापासून सुरुवात करतो. त्यात गैर काही नाही. शूर्पारक हे प्राचीन बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अरब प्रवाशांनी या बंदराची नोंद ‘सुबारा’ म्हणून केली. पण गेल्या चाळीस वर्षांत इथे जे घडले त्याचा शिलालेख कुणी कोरलेला नाही. तो आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांना जनरल रजिस्टरात वाचावा लागतो.

जुन्या पानांवर जन्मस्थळाच्या रकान्यात सोपारा, पापडी, आगाशी अशी जवळचीच गावे दिसतात. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ मध्ये सुटली, १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. तरी पुढे कित्येक वर्षे वसई तालुका केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाल्याचाच राहिला. गाडी सकाळी माणसे न्यायची, संध्याकाळी परत आणायची. गाव गावच होते.

मग पाने बदलू लागतात. १९८२ चा गिरणी संप झाला आणि गिरणगावातली कुटुंबे खोल्या विकून उत्तरेकडे सरकली. १९९० मध्ये सिडको या भागाची नियोजन प्राधिकरण झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई चळवळीने शेती आणि पाण्यासाठी लढा दिला. इमारती मात्र थांबल्या नाहीत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा, मीरा रोडप्रमाणे इथेही मुंबईतली मुस्लिम कुटुंबे आली. आता जन्मस्थळाच्या रकान्यात कुर्ला, आझमगढ, दरभंगा, रत्नागिरी एकाखाली एक येतात. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली.

लोक म्हणतात, वसई श्रीमंत झाली. कोण झाले? ज्यांच्याकडे जमीन होती आणि जे भाव चढेपर्यंत थांबू शकले, ते झाले. ज्यांनी मुंबईची खोली विकून वेळेत फ्लॅट घेतला, ते सावरले. तिसरा वर्ग अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत मजुरी, रिक्षा, जरीकाम किंवा घरी बसून दागिने जोडण्याचे काम, यावर त्याचे घर चालते. शिष्यवृत्तीच्या अर्जांना जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यांत हे तिन्ही वर्ग आमच्या एकाच टेबलावर येतात. वर्गातही ते एकाच बाकावर बसतात.

रजिस्टराच्या शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण असते. पूर्वी तिथे ‘शिक्षण पूर्ण’ असे. आता भर सहामाहीत आम्ही ‘राहण्याचे ठिकाण बदलले’ लिहितो. करार संपतो, भाडे वाढते, कुटुंब एक-दोन स्टेशने पुढे जाते. पोराचा पाढा अर्धा राहतो.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. स्टाफरूममध्ये आम्हीच म्हणतो, “बाहेरची मुले आली म्हणून निकाल घसरला.” सोपाऱ्यातले जुने कोकणी मुस्लिम नव्या मुस्लिमांना बाहेरचे म्हणतात, मराठी माणूस त्या दोघांना बाहेरचे म्हणतो, आणि गिरणगावातून आलेल्या त्याच मराठी माणसाला गावठाणातले लोक बाहेरचा म्हणत होते. धर्म आणि भाषा आपल्या पटकन डोळ्यांत भरतात, भाडेपावती भरत नाही. दंगलीच्या भीतीने आलेले सोडले, तर बहुतेकांना इथवर आणले ते मुंबईतल्या घराच्या किमतीने, आणि इथूनही पुढे ढकलते आहे ती किंमतच.

म्हणून यंदापासून आम्ही ठरवले आहे : दाखला मागायला पालक आले की आधी विचारायचे, कुठे चाललात? तिथे उर्दू शाळा आहे का? नसेल तर वर्ष संपेपर्यंत मूल इथे ठेवता येईल का? लोकलचा विद्यार्थी पास फार महाग नसतो. मोडलेले वर्ष मात्र महाग पडते.