अँटी-डीएसडीएनए चाचणी : रिपोर्टमधल्या ‘डीएस’चा अर्थ काय?

ल्युपस (एसएलई) असल्याची शंका आली की एएनए चाचणीनंतर बहुधा अँटी-डीएसडीएनए ही रक्तचाचणी सांगितली जाते. ‘डीएनए’ हा शब्द वाचून घरच्यांना वाटते, की हा आनुवंशिक दोष शोधणारा रिपोर्ट आहे. तसे नाही. ही चाचणी तुमचा डीएनए तपासत नाही. डीएनएविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडीज मोजते.

डीएनएला पदर किती?

‘डीएस’ म्हणजे दुपदरी. १९५३ च्या सुरुवातीला लायनस पॉलिंग यांनी डीएनएला तीन पदर असल्याचे मांडले होते. ते चुकीचे ठरले. रोझलिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण छायाचित्रे आणि एर्विन चारगाफ यांची रासायनिक मोजमापे यांच्याशी जुळणारी दोन पदरांची, पीळ दिलेल्या दोरीसारखी रचना त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी प्रसिद्ध केली. डीएनए तापवला की हे दोन पदर सुटे होतात आणि तो एकपदरी होतो.

हा फरक का महत्त्वाचा?

एकपदरी डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीज इतर अनेक आजारांतही सापडतात. दुपदरी डीएनएविरुद्धच्या मात्र प्रामुख्याने ल्युपसमध्ये दिसतात. म्हणून चाचणीत वापरलेला डीएनए दुपदरीच असावा लागतो. एलायझा पद्धत कमी प्रमाणातल्या अँटीबॉडीजही पकडते. क्रिथिडिया पद्धत तेवढी संवेदनशील नसली, तरी तिचा पॉझिटिव्ह निकाल अधिक खात्रीचा असतो. त्यामुळे दोन लॅबचे निकाल वेगळे येऊ शकतात.

रिपोर्ट कसा समजून घ्यावा?

• पॉझिटिव्ह : ल्युपसच्या निदानाला बळ मिळते, पण लक्षणे आणि इतर तपासण्यांसोबतच निदान होते.
• निगेटिव्ह : ल्युपस नाहीच, असे नव्हे. काही रुग्णांत ही चाचणी कधीच पॉझिटिव्ह येत नाही.
• प्रमाण वाढले : आजार, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास, बळावत असू शकतो. लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, सी३, सी४ आणि रक्तदाब तपासावा लागतो.

पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. लघवीला फेस येणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज दिसणे, लघवीतून रक्त जाणे यांपैकी काही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आकडा कमी झाला म्हणून स्टेरॉइड किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन स्वतःहून बंद करू नका.