आधी ओळी जुळवा, मग वंशवेल काढा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुणे सोडून लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या वेळी दिंड्यांच्या मागं चालताना कधी कान देऊन ऐकलंत का? अभंग एकच, पण एखादा शब्द या दिंडीत एक, तर त्या दिंडीत दुसरा. याला आपण पाठभेद म्हणतो. नक्कल होताना भेद पडतात, आणि त्या भेदांवरूनच नकलांचं नातं उलगडतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. तिथं मोठे कागद उभ्याआडव्या रेघांनी आखले जात. वर श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. आणि प्रत्येक पोथीतला निराळा पाठ नेमका त्या अक्षराखाली. अशी जुळणी झाली, तेव्हाच कोणत्या पोथ्या एका घराण्यातल्या हे कळू लागलं. सुकथनकर १९४३ साली वारले. काम १९६६ साली पुरं झालं.

आपल्या पेशीतही अशीच एक पोथी आहे. तिचं नाव डीएनए. अक्षरं चारच, पण पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना एखादं बदलतं, एखादं गळतं, एखादं शिरतं. या भेदांवरून प्राण्यांची आणि वनस्पतींची वंशवेल काढता येते. मात्र त्याआधी ओळी जुळवायला हव्यात. गुरुजी, हजेरीपटावरून गुण उतरवताना एक नाव गळलं तर काय होतं? खालच्या साऱ्यांचे गुण भलत्याच्या नावावर! इथंही तसंच. गळलेल्या अक्षराच्या जागी रेघ मारून जागा राखली नाही, तर सख्खी भावंडं परकी ठरतात.

दोन ओळी जुळवण्याची गणिती रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली दिली. पुढं १९८८ साली डब्लिनचे हिगिन्स आणि शार्प यांनी लहान संगणकावर चालणारी ‘क्लस्टल’ ही आज्ञावली रचली. ती आधी सगळ्यांत जवळच्या ओळी जुळवते, मग त्या गटाला दुसरा गट जोडते. जिथं जुळणी संशयास्पद वाटते, तो भाग अभ्यासक बाजूला काढतात. मगच वंशवेलीचं गणित मांडलं जातं.

हे केवळ पंडितांचं काम नव्हे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेनं केरळातल्या रुग्णांमधल्या विषाणूची अक्षरं वाचली. सुमारे तीस हजार! ती इतर देशांतल्या नोंदींशी जुळवली, तेव्हा विषाणूचं घराणं कळलं. जुळणी चुकली असती, तर साथीच्या वाटेचा मागही चुकला असता.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एक ओळ द्या. पहिल्याची नक्कल दुसऱ्यानं करावी, दुसऱ्याची तिसऱ्यानं. मग चौकटीच्या कागदावर साऱ्या ओळी एकाखाली एक मांडा. कोणाची चूक कोणाकडून आली, ते मुलंच सांगतील. यंत्र झपाट्यानं जुळवतं खरं. पण शेवटी डोळ्यांखालून घालायचं काम माणसाचंच.