सतरंजीवरील अन्नाचे डाग

सतरंजी, दरी, जमखाना किंवा गालिचा यांवर सांडलेल्या अन्नाचे तेल आणि रंग धाग्यात मुरून राहिलेली खूण. वऱ्हाडातल्या रिद्धपूरसारख्या गावात ती नेहमीचीच. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान. पंथाच्या पंचावतारांपैकी एक असलेल्या गोविंदप्रभूंचे वास्तव्य इथलेच. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही इथेच. पंचावतार उपहार, यात्रेकरूंचा पाहुणचार, घरच्या पंगती, यांमुळे अशा गावात सतरंजीची घडी फार दिवस टिकत नाही, आणि डागही चुकत नाहीत.

वऱ्हाडी डाग म्हणजे बहुतेक वेळा हळद आणि तेल यांची जोडी : फोडणीचे वरण, वांग्याची भाजी, रश्श्यावरची तर्री. हळदीतील कुरकुमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे नुसते पाणी टाकून चोळले की तेल पसरते आणि त्याच्यासोबत रंगही. साबण लागताच पिवळा डाग लाल होतो. इथेच माणूस घाबरतो आणि जोरजोराने घासू लागतो. खरे तर डाग वाढलेला नसतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तसाच हा बदल. साबणातला खार तो घडवतो. लिंबाच्या पाण्याने लाली उतरून पुन्हा पिवळा रंग येतो.

म्हणून आधी उचलावे, मग शोषावे, धुणे शेवटी. वरण चमच्याने कडेकडून मध्याकडे गोळा करावे. रोडग्यावरचे तूप थिजले असेल तर चमच्याच्या कडेने अलगद खरवडावे. मग डागावर बेसन किंवा खडूची पूड दाबून तासभर ठेवावी. पीठ तेल पिऊन ओलसर, गोळीदार होते; ते झाडून नवे टाकावे. त्यानंतरच साबणाचा फेस लावून ओल्या फडक्याने टिपावे. घासण्याचा मोह आवरावा, कारण घासल्याने सुताला केस सुटतात आणि त्यांत मळ धरतो.

उरलेला पिवळेपणा काढण्याचे खरे काम उन्हाचे. प्रकाशात कुरकुमिन विघटित होते, आणि चैत्र-वैशाखातले वऱ्हाडी ऊन यासाठी कुठल्याही महागड्या द्रव्यापेक्षा भरवशाचे आहे. मात्र त्याच उन्हाने सतरंजीचे पट्टेही विटतात. डागापुरती जागा उघडी ठेवून बाकीचा भाग जाड कापडाने झाकावा.

दुधाचा चहा सांडल्यास गार पाणीच वापरावे. गरम पाण्याने दुधातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. क्लोरीनयुक्त ब्लीच रंगीत सुताचा रंग उडवते आणि लोकर तर खाऊनच टाकते. ते व्हिनेगर किंवा लिंबात मिसळल्यास विषारी वायू सुटतो.

सुती सतरंजी अख्खी धुऊन वाळवता येते. लवदार गालिच्याचे तसे नाही. त्यावर पाणी ओतले तर डाग तळाशी उतरतो आणि वाळताना लवेच्या टोकांवर परत येतो. अशा वेळी पांढऱ्या सुती फडक्याची जाड घडी डागावर ठेवून तिच्यावर पाटा किंवा पाण्याने भरलेली कळशी रात्रभर ठेवतात. सकाळी पिवळे वर्तुळ फडक्यावर उमटलेले दिसते.