खोटा दावा आणि तीन हजार रुपये

सरकारी दाव्यांच्या फायली हाताळताना मला नेहमी प्रश्न पडे : उघड खोटा दावा लावणाऱ्यास कायद्याचा धाक का नसावा? उत्तर इतिहासात सापडते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १९२२ साली कलम ३५-अ आले. खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दल प्रतिपक्षास भरपाई. कमाल मर्यादा एक हजार रुपये. १९७६ मध्ये ती तीन हजार झाली. अपिले मात्र प्रथमपासूनच वगळलेली.

दिल्ली उच्च न्यायालयाने एका अपिलात बसवलेला ४५ लाखांहून अधिक खर्च सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रद्द केला. कायद्याची चौकट ओलांडता येत नाही, हे सांगतानाच त्याने ती चौकट बदलण्याची निकडही मांडली. २०१५ साली मर्यादा उठली, पण केवळ व्यापारी वादांपुरती. केंद्रीय संहितेत इतर दाव्यांसाठी ती आजही तीन हजारच आहे. उरलेली किंमत, वाचकहो, खरे बोलणाराच मोजतो.