रिमच्या रेषेखाली

सॅन होजेला नोकरीसाठी येऊन मला सहाएक महिने झाले असतील. एका रविवारी संध्याकाळी किंग आणि स्टोरी या रस्त्यांच्या चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक जांभळी शेव्हरोले इम्पाला येऊन उभी राहिली. उभी कसली, बसलीच. पोट रस्त्याला टेकायला दोन बोटं उरली असतील. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकरही तिला पार झाला नसता. मग आतल्या आजोबांनी काहीतरी दाबलं, मोटर घुरघुरली आणि म्हैस उठते तशी, आधी मागून, मग पुढून, गाडी उठली. सिग्नल सुटला आणि आजोबा कुणाचीही पर्वा न करता सावकाश निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, तर आपल्याकडचाच एक जण म्हणाला, "त्या भागात कशाला गेलास? ते गँगवाले असतात." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं. डोळ्यांसमोर सायलेन्सर काढून एफ. सी. रोडवर बुलेट फिरवणारं पोरगं आलं होतं. पुढे या गाड्यांबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की तो स्विच नुसत्या हौसेतून आलेला नाही. तो एका कायद्यामुळे आला.

या गाड्यांना लोरायडर म्हणतात; चालवणाऱ्यालाही तेच नाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या हातात थोडा पैसा खेळू लागला. काही लढाईवरून परतले होते, काही कारखान्यांत कामाला होते. नवी गाडी परवडत नव्हती, जुनी शेव्हरोले परवडायची. त्याच सुमारास गोऱ्या पोरांत हॉट रॉडचं वेड होतं: गाडी हलकी करायची, इंजिन तगडं करायचं, सुसाट सोडायची. यांनी बरोबर उलटं केलं. 'बाहितो इ सुआवेसितो', म्हणजे खाली आणि सावकाश. शनिवार-रविवारी व्हिटियर बुलेव्हार्डवरून इस्त्रीच्या कपड्यांत, हळूहळू. कुठे पोचायचं नव्हतंच, दिसायचं होतं. जून १९४३मध्ये याच शहरात ढगळ झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना नौसैनिकांनी भररस्त्यात मारलं होतं, अंगावरचे कपडे फाडले होते. तिथे नटूनथटून, सगळ्यांच्या नजरेसमोरून, घाई न करता जायला छाती लागत होती.

गाडी खाली करायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे डिकीत वाळूची पोती. पुढची पायरी, स्प्रिंग कापणं. मेकॅनिकलला असताना हेलिकल स्प्रिंगचं सूत्र पाठ केलं होतं, मग सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि विसरलो. ते इतक्या वर्षांनी इथे कामाला आलं. स्प्रिंगचा ताठपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. काम करणाऱ्या १० वेढ्यांतले २ कापले की गाडी खाली येते, पण स्प्रिंग २५ टक्के जास्त ताठ होते, आणि चाकाला वर सरकायला जागाही कमी उरते. म्हणजे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. काही जण कापण्याऐवजी टॉर्चने स्प्रिंग तापवायचे. ती वजनाने दबायची, पण पोलादाचं पाणी उतरायचं आणि ती कधी दगा देईल याचा नेम नसायचा. मागे पाटे असतील तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा. पोती सोडली तर या सगळ्यात एक गोष्ट समान होती. गाडी खाली गेली की गेली. रस्त्यात वर घेता येत नसे.

आणि इथेच कॅलिफोर्नियाने तिला पकडलं. १९५०च्या दशकाच्या शेवटी वाहन कायद्यात कलम २४००८ आलं. मूळ रचनेत बदल करून गाडीचा चाकांखेरीज कुठलाही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली आणाल तर गुन्हा. नियम म्हणून हे शहाणपणाचं आहे. टायर बसला तर गाडी रिमवर उतरते, तेव्हा दुसरं काही रस्त्याला घासू नये. गणिताशी माझं भांडण नाही. मोजपट्टी कुणाच्या गाडीखाली सरकवली जायची, याच्याशी आहे. व्हिटियर बुलेव्हार्डवर गाडी थांबवायला पोलिसाला आता एक कारण मिळालं होतं, आणि ते लांबूनच दिसायचं.

सॅन बर्नार्डिनोचा रॉन आगिरे आपल्या कॉर्व्हेटवर असे दंड भरून वैतागला होता. १९५९च्या सुमारास त्याने विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह आणून गाडीत बसवले. सिलिंडरमध्ये तेल ढकललं की गाडी वर, तेल परत टाकीत सोडलं की खाली. पोलीस दिसला, स्विच दाबला, गाडी कायदेशीर. पोलीस वळला, पुन्हा बेकायदा. ऑडिटच्या दिवसापुरतं सेटिंग बदलणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मला गंमत वाटते ती याची. आज लोरायडर म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, ते झुलणं, तीन चाकांवर उभं राहणं, टुणकन उडी मारणं, ते सगळं या पंपातून निघालं, आणि पंप त्या कलमातून. कायदा नसता तर कदाचित कापलेल्या स्प्रिंगवरच भागलं असतं. १९५८ ते १९६४च्या इम्पालांना चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग होत्या, त्यामुळे तिथे सिलिंडर बसवणं सोपं. म्हणून तीच सगळ्यांची लाडकी झाली. पुढे ट्रकच्या मागच्या लिफ्टचे पंप आले आणि डिकीत बॅटऱ्यांची रांग लागली.

गाडी हाती लागेना, तेव्हा फेरीवर बंदी आली. १९७९मध्ये व्हिटियर बुलेव्हार्ड या फेऱ्यांसाठी बंद केला गेला. नंतर कितीतरी शहरांनी नियम केले: ठरावीक तासांत एकाच खुणेपुढून दोनदा गेलात तर दंड. १९७७मध्ये 'लो रायडर' मासिक ज्या सॅन होजेत सुरू झालं, तिथेही बंदी आलीच. आणि याच देशाने २०१७मध्ये जेसी वालाडेझची 'जिप्सी रोझ', अंगभर हाताने गुलाब रंगवलेली १९६४ची इम्पाला, राजधानीत नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली. उभी असेल तर वारसा, चालती असेल तर दंड.

सॅन होजेने २०२२मध्ये बंदी उठवली. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी एबी ४३६ या विधेयकावर सही केली, आणि १ जानेवारी २०२४पासून राज्यभरातल्या फेरीबंद्या आणि कलम २४००८, दोन्ही गेले.

जांभळ्या इम्पालावाल्या आजोबांशी नंतर ओळख झाली. कायदा बदलल्यावर त्या उन्हाळ्यात त्यांनी मला एक फेरी मारून आणली. बसताना बूट पुसून घ्यायला लावले. स्टोरी रोडवर गाडी पार खाली, खिडकीतून हात बाहेर, जुनी गाणी चालू. समोरून पोलिसांची गाडी आली आणि आजोबांचा हात आपोआप स्विचवर गेला. गाडी उठली.

"आता गरज नाही ना?" मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत, आरशात बघत राहिले. माझंही लक्ष तेव्हाच खाली गेलं. उजवा पाय जोरात दाबून धरला होता, ब्रेक असावा तसा, आणि मी तर शेजारच्या सीटवर बसलो होतो.