विक्री, ताटातूट आणि शोध : आफ्रिकी-अमेरिकी कादंबरीतील कुटुंबाचा इतिहास

आफ्रिकी-अमेरिकी कथात्म साहित्यात कुटुंब आणि प्रेम हे विषय इतक्या सातत्याने का येतात, या प्रश्नाचे उत्तर वाङ्मयीन अभिरुचीपेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये असा कायदा केला की, अपत्याची अवस्था आईच्या अवस्थेवरून ठरेल. म्हणजे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल, त्याचा पिता गोरा मालक असला तरीही, जन्मतः गुलामच ठरेल. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. जमिनीवर आडवा ठेवलेला झाडू वधूवरांनी एकत्र ओलांडणे, असा विधी अनेक मळ्यांवर रूढ होता. पण असे लग्न टिकणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी आल्यानंतर देशांतर्गत विक्री वाढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे १० लाख माणसे दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात नेली गेली. त्यात असंख्य पती-पत्नींची आणि मायलेकरांची ताटातूट झाली.

या साहित्याचा आरंभ याच ताटातुटीच्या कथनाने झाला. गुलामगिरीतून निसटलेल्या विल्यम वेल्स ब्राउन यांची ‘क्लोटेल’ ही कादंबरी १८५३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि आफ्रिकी-अमेरिकी लेखकाची पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना गुलाम स्त्रीपासून झालेल्या मुली लिलावात विकल्या जातात, अशी तिची कल्पना आहे. ज्याने सर्व माणसे समान असल्याची घोषणा लिहिली त्याच्याच रक्ताला बाजारात किंमत लागते, हा विरोध ब्राउन यांनी राजकीय निबंधातून न मांडता पितृत्वाच्या गोष्टीतून मांडला. कुटुंबकथेलाच राजकीय आरोपपत्र करण्याची ही रीत पुढील लेखकांनीही चालवली.

गृहयुद्ध संपून १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हा मुक्त झालेल्या माणसांनी प्रथम आपली माणसे शोधण्यास आरंभ केला. विकल्या गेलेल्या आईचा, मुलाचा किंवा पतीचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत पुढे कित्येक वर्षे छापल्या जात होत्या, तर मुक्त झालेल्यांच्या साहाय्यासाठी स्थापन झालेले फ्रीडमेन्स ब्यूरो हे सरकारी खाते जुन्या जोडप्यांच्या विवाहांची नोंद करत होते. या शोधालाच फ्रान्सिस हार्पर यांनी ‘आयोला लेरॉय’ (१८९२) या कादंबरीत कथानकाचे रूप दिले. चार्ल्स चेस्नट यांनी ‘द वाइफ ऑफ हिज यूथ’ (१८९८) या कथेत त्याच शोधातून एक नैतिक पेच उभा केला. उत्तरेत प्रतिष्ठा मिळवलेला, उजळ वर्णाच्या वर्तुळात वावरणारा रायडर एका सुशिक्षित विधवेला मागणी घालण्याच्या तयारीत असतानाच, पंचवीस वर्षे पतीचा शोध घेणारी एक वृद्ध काळी स्त्री त्याच्या दाराशी येते. तो पती रायडरच असतो. गुलामगिरीतील तो विवाह कायद्याने त्याला बांधत नाही. तरीही तो जमलेल्या पाहुण्यांसमोर तिला पत्नी म्हणून स्वीकारतो. ज्या नात्याला कायद्याने कधी मानले नाही, त्याला माणसाच्या शब्दाने मान्यता मिळते, हे या लहानशा कथेचे मोठेपण होय.

विसाव्या शतकात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. या दीर्घ स्थलांतराला ‘ग्रेट मायग्रेशन’ असे म्हणतात. त्याच काळात या साहित्यात एक महत्त्वाचा वाद उभा राहिला. झोरा नील हर्स्टन यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) या कादंबरीत, गुलामगिरीत जन्मलेली आजी सुरक्षिततेसाठी नातीचे लग्न जमीनदार पुरुषाशी लावते आणि ती नात, जेनी, पुढे तीन संसारांतून प्रेमाचा अर्थ स्वतः ठरवते. जिम क्रो म्हणजे वंशविभाजनाच्या कायद्यांनी गांजलेल्या काळात अशा प्रेमकथेला सामाजिक आशय नाही, अशी कठोर टीका कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी केली. ती टीका अन्यायकारक होती. कारण आजीची भीती आणि नातीची इच्छा यांतील अंतर हेच गुलामगिरीनंतरच्या दोन पिढ्यांचे इतिहासलेखन आहे. अनेक वर्षे विस्मृतीत गेलेल्या हर्स्टन यांच्या निनावी कबरीवर लेखिका ॲलिस वॉकर यांनी १९७३ मध्ये शिला बसवली आणि त्यानंतर ही कादंबरी पुन्हा वाचकांपर्यंत पोहोचली.

ॲन पेट्री यांच्या ‘द स्ट्रीट’ (१९४६) मध्ये शहरातील हालअपेष्टांचे रूप दिसते. पतीला काम मिळत नाही म्हणून ल्यूटी जॉन्सन एका गोऱ्या कुटुंबात राहून चाकरी करते, आणि परक्यांचे घर सांभाळताना तिचे स्वतःचे घर मोडते. जेम्स बाल्डविन यांच्या ‘इफ बील स्ट्रीट कुड टॉक’ (१९७४) मध्ये खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेला तरुण आणि त्याच्या मुलाची आई होणारी टिश यांच्यामध्ये आता तुरुंगाची भिंत येते. पूर्वी लिलावाने केलेली ताटातूट येथे न्यायव्यवस्था करते. तायारी जोन्स यांची ‘ॲन अमेरिकन मॅरेज’ (२०१८) ही कादंबरी हाच धागा एकविसाव्या शतकात आणते.

वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ (१९८२) ताटातुटीचे कारण घराच्या आतही दाखवते. तेथे नायिका सीलीला आलेली बहिणीची पत्रे तिचा पतीच दडवून ठेवतो. टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी जाते. पळून आलेल्या गुलामांना मुक्त राज्यांतूनही परत नेण्याची मुभा देणाऱ्या १८५० च्या कायद्यान्वये पकडले जाण्याच्या क्षणी, १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर हिने आपल्या लहान मुलीला ठार केले होते. त्या घटनेवरून मॉरिसन यांनी असा प्रश्न उभा केला की, जिच्या अपत्यावर तिचा अधिकारच नाही, त्या आईच्या प्रेमाला कोणत्या नीतीने मोजावे? ही कादंबरी आईला दोषमुक्त करत नाही आणि दोषीही ठरवत नाही. ती निर्णयाचे ओझे वाचकावर ठेवते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. मराठी वाचकाने म्हणूनच या परंपरेकडे केवळ दुःखाच्या कथा म्हणून पाहू नये. चेस्नट यांच्या कथेपासून आरंभ करून हर्स्टनमार्गे मॉरिसनपर्यंत यावे आणि प्रत्येक कृतीबरोबर त्या काळचा कायदाही वाचावा. तसे वाचले म्हणजे लक्षात येते की, या कादंबऱ्यांतील प्रेम ही खासगी भावना नाही. जो हक्क कायद्याने अनेक पिढ्यांना नाकारला, तो बजावण्याची ती कृती आहे.