रंध्याची पाठचिकित्सा

फारसी ‘रंदा’ मराठीत ‘रंधा’ झाला. कन्नडमध्ये त्याच अवजाराला ‘कीसुळी’, म्हणजे खरवडणारी पटाशी, म्हणतात. नावांचा इतिहास कोशांत सापडतो. वस्तूचा मात्र वस्तूवरच वाचावा लागतो. बेंगळुरूच्या चिकपेट परिसरातील रविवारच्या बाजारात जुने रंधे शोधणाऱ्या संग्राहकापुढील पहिला प्रश्न म्हणूनच पाठचिकित्सकाचा असतो : हे कोणत्या काळातले?

अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये लेनर्ड बेली यांची पेटंटे विकत घेतली. तिच्या काही रंध्यांच्या ओतीव लोखंडावर, पात्याच्या बैठकीमागे, १९०२ मधील दोन व १९१० मधील एक अशा तीन पेटंट-तारखा आढळतात. त्यांवरून ते ओतकाम १९१० पूर्वीचे नाही, एवढेच सिद्ध होते. पाते किंवा मूठ नंतर बदललेली असू शकते. अनेक लेखनिकांच्या हातांतून गेलेल्या पोथीसारखाच असा रंधा संमिश्र असतो.

जीर्णोद्धारात त्यामुळे विवेक हवा. गंज काढणे, तळ सपाट करणे व पात्याला धार लावणे अपरिहार्य आहे. त्यांवाचून रंधा चालत नाही. परंतु मूठ तासून नवे रोगण चढवले, की सुताराने कोरलेली आद्याक्षरे आणि तळहाताने पडलेली झीज नाहीशी होते. कारखान्याचा इतिहास तारखांत टिकतो. कारागिराचा बहुधा त्या झिजेतच उरलेला असतो.